कॉलेजसाठी लॅपटॉपची सॅक: सोलापुरातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की घरोघरी लॅपटॉपची चर्चा होते. रॅम किती, प्रोसेसर कुठला, हप्ता किती बसतो. सॅकचा विषय मात्र बिल करताना निघतो आणि दुकानदार जी पुढे करेल ती खांद्यावर येते. माझं मत आधीच सांगून टाकतो: सॅक निवडताना लॅपटॉपपेक्षा तुमचा रोजचा रस्ता जास्त महत्त्वाचा. दुचाकीवरून केगावला विद्यापीठात जाणारा, अशोक चौकातल्या कॉलेजात चालत येणारी आणि कुर्डुवाडीहून रेल्वेनं अप-डाऊन करणारा, या तिघांचा लॅपटॉप एकाच मॉडेलचा असला तरी सॅक एकच चालणार नाही.

लॅपटॉप १५.६ इंची आहे. '१५.६ इंच' लिहिलेली सॅक घेतली की झालं ना?

बहुतेक वेळा हो, पण त्या आकड्याच्या भरवशावर पैसे देऊ नका. १५.६ हा पडद्याच्या कर्णाचा आकडा. लॅपटॉपची लांबी-रुंदी किती, हे पडद्याभोवतीच्या कडेवर ठरतं. दादाकडून किंवा मामाकडून आलेला जुना १५.६ इंची लॅपटॉप ३८ सेंटीमीटर लांब असू शकतो. आजचा त्याच इंचाचा ३६ च्या आसपास येतो.

खरा घोळ १६ इंची लॅपटॉपचा होतो. १५.६ चा पडदा सहसा १६:९ प्रमाणाचा असतो, नव्या १६ इंचीचा बहुधा १६:१० चा. गणित केलं तर दोन्ही पडद्यांची लांबी जवळजवळ सारखीच निघते, साडेचौतीस सेंटीमीटर. फरक पडतो तो दुसऱ्या बाजूला: १९.४ च्या जागी २१.५ सेंटीमीटर. सॅकमध्ये लॅपटॉप उभा जातो, म्हणजे हे वाढीव दोन सेंटीमीटर कप्प्याच्या रुंदीला लागतात. मग लॅपटॉप कप्प्याच्या तोंडाशीच अडतो, किंवा आत गेला तरी चेन ताणली जाते आणि सहा महिन्यांत उसवते.

म्हणून फुटपट्टी घ्या आणि लांबी, रुंदी, जाडी तिन्ही मोजा. गेमिंग लॅपटॉपची जाडी बिजागरीकडे जास्त असते, तिथे मोजा. सगळ्यात बरं म्हणजे लॅपटॉपच दुकानात घेऊन जा. ते नको वाटत असेल तर जाड पुठ्ठा त्याच मापाचा कापून न्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

सॅक घ्यावी, एका खांद्याची साइड बॅग की हातात धरायची?

विद्यार्थ्यांनी सॅक घ्यावी. साइड बॅग दिसायला ऐटदार असते, नोकरीच्या मुलाखतीला शोभते, पण सगळा भार एका खांद्यावर येतो आणि दुचाकीवर ती हमखास एका बाजूला घसरते. सात रस्ता चौकात वळण घेताना कमरेवरची बॅग पुढे आली की हात हँडलवर ठेवायचा की बॅग सावरायची, असा प्रश्न पडतो. वर्ग-दोन वर्ग, हॉस्टेल ते डिपार्टमेंट एवढंच अंतर असेल तर साइड बॅग चालेल. हातातली बॅग विसरा.

नुसतं स्लीव्ह (लॅपटॉपचं फोमचं पाकीट) घेऊन जुन्या सॅकमध्ये टाकलं तर?

चालतं, आणि पैसे कमी असतील तर मी हेच सुचवेन. घरात अकरावी-बारावीची धड सॅक पडून असेल तर चार-पाचशे रुपयांचं चांगलं स्लीव्ह पुरतं. अट एकच: त्या सॅकचा तळ मऊ नसावा आणि लॅपटॉप पाठीच्या बाजूला राहावा, पुस्तकांच्या पुढे नव्हे. सॅक ओढली, आपटली तर पुढच्या भागाला मार बसतो. शिवाय वजनदार वस्तू पाठीला चिकटून राहिली की सॅक मागे ओढत नाही.

घरातला सोलापुरी टॉवेल गुंडाळणारेही आहेत. टॉवेल आपला, जगप्रसिद्ध, पण हे त्याचं काम नाही. ओरखडे वाचतील, धक्का वाचणार नाही. टेरीचे तंतू लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीत जाऊन बसतात ते वेगळंच.

लॅपटॉपबरोबर फुकट मिळालेली सॅक वाईट असते का?

वाईट नसते, पातळ असते. आत अंगठ्यानं दाबून बघा. एका बाजूनं नख दाबलं आणि दुसऱ्या बाजूच्या बोटाला ते जाणवलं, तर तो फोम नावापुरता. अशा सॅकमध्ये वर सांगितलेलं स्लीव्ह घाला आणि वापरा. पण रोज दुचाकीवर किंवा एसटीनं येणाऱ्यांनी ती पाहुण्यांकडे जायला ठेवावी.

दुकानात सॅक हातात आल्यावर आधी काय बघायचं?

आधी तळ. लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळापर्यंत जातो की वर दोन-तीन सेंटीमीटर लटकता राहतो, हे कप्प्यात हात घालून चाचपा. आपण वर्गात आलो की सॅक फरशीवर टाकतो. हळू ठेवतो असं वाटतं, पण ठेवत नाही. कप्पा तळाला टेकलेला असेल तर दरवेळी लॅपटॉपचा कोपरा फरशीवर आपटतो, मध्ये फक्त कापडाचा एक थर. लटकता कप्पा असेल तर तोच धक्का हवेत विरतो. बाकी सगळं मनासारखं असून हा एक गुण नसेल तरी मी ती सॅक परत ठेवतो.

मग पट्टे. पट्टा सॅकला जिथे जोडलाय तिथली शिलाई बघा. चौकोन आणि त्यात फुली अशी टीप हवी, किंवा एकाच जागी दाट घातलेले आडवे टाके. नुसती एक सरळ टीप असेल तर तो पट्टा पहिल्या वर्षाच्या परीक्षेपर्यंतच. सॅकच्या आत हात घालून तोच जोड आतूनही बघा. कापडाची कड मोकळी सुटलेली, दोरे लोंबकळणारे दिसले तर समजून जा. आतल्या शिवणीवर पट्टी लावून बांधणी केलेली असेल तर कारागिरानं वेळ दिलाय. सोलापुरात हे शिकवायला कुणी लागत नाही. शाळेच्या गणवेशांचा एवढा मोठा धंदा इथे आहे की दर चार घरांआड शिलाई कळणारं माणूस सापडतं. त्या काकूंना किंवा काकांना सॅक घ्यायला सोबत न्या. ब्रँड त्यांना कळणार नाही, टीप कळेल.

तिसरी गोष्ट चेन. चेनच्या रनरवर, म्हणजे धरून सरकवतो त्या तुकड्यावर, मागच्या बाजूला बहुधा आकडा असतो, ५, ८ किंवा १०. आकडा म्हणजे साधारण बंद चेनच्या दातांची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० असावी, बाहेरच्या छोट्या खिशाला ५ चालते. वायकेके (चेन बनवणारी जपानी कंपनी) लिहिलेलं असेल तर उत्तम, पण नावाची नक्कलही होते. म्हणून सॅकच्या कोपऱ्यावर, जिथे चेन वळते, तिथे एका हातानं रनर फिरवून बघा. अडखळला तर नको.

खिसे किती, हे शेवटी मोजा. चौदा खिश्यांच्या सॅकमध्ये पेन शोधायला जास्त वेळ लागतो.

लेबलवर ६००डी, १६८०डी असं काही लिहिलेलं असतं. ते काय?

डी म्हणजे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. ६०० डेनियर म्हणजे तेवढा धागा ६०० ग्रॅम भरतो. आपल्याकडे यंत्रमागाशी संबंध असलेल्या घरांत सुताचा काउंट बोलला जातो. तिथे आकडा वाढला की सूत बारीक होतं. डेनियरचं उलटं आहे, आकडा वाढला की धागा जाड. हे लक्षात न घेता कुणाचे आजोबा '६०० म्हणजे फारच तलम' म्हणाले तर त्यांची चूक नाही.

कॉलेजच्या सॅकला ६०० डेनियरचं पॉलिएस्टर पुरतं, ९०० असेल तर छान. १६८० चं नायलॉन दणकट असतं, पण सॅक रिकामी असतानाच जड लागते. आणि नुसता डेनियर सगळं सांगत नाही. वीण विरळ असेल तर जाड धागाही उपयोगाचा नाही. कापड उजेडासमोर धरा. आरपार ठिपके दिसत असतील तर पुढे चला.

'वॉटरप्रूफ' लिहिलंय. पावसाळ्यात काळजी नाही ना?

आहे. कापडाच्या आतल्या बाजूला पातळ लेप असतो, तो पाणी अडवतो. पण शिवणीच्या सुईनं त्या लेपाला शेकडो भोकं पाडलेली असतात, आणि चेनमधूनही पाणी शिरतं. बहुतेक सॅक भुरभुर पाऊस सहन करतात, धो-धो नाही. लेबलवर काहीही असो, वेगळं रेनकव्हर लागतंच.

सोलापूरकर इथे एक चूक करतात. जून-जुलै कोरडे जातात म्हणून रेनकव्हर कपाटात राहतं. आपला मोठा पाऊस येतो तो सप्टेंबरात, संध्याकाळी, कॉलेज सुटताना, अर्ध्या तासात रस्त्याचा ओढा करणारा. रेनकव्हर सॅकच्या तळाच्या खिशातच ठेवा, बारा महिने. कव्हर पाठीची बाजू झाकत नाही आणि पाठीवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांमधून आत येतं, म्हणून लॅपटॉप एखाद्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग कप्प्यात ठेवला तर निर्धास्त. साडीच्या दुकानातली पिशवी चालते.

एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश असतात. सॅकमध्ये लॅपटॉप तापून खराब होतो का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लेखांत कुणी घेत नाही, आपल्याकडे तो पहिल्या पाचांत यायला हवा.

बंद लॅपटॉप सावलीत असेल तर चिंता नाही. बहुतेक कंपन्या वापरण्याची मर्यादा ३५ अंशांच्या आसपास देतात, बंद ठेवण्याची त्याहून वर. अ‍ॅपल ती ४५ सांगते. पण उन्हात लावलेल्या गाडीच्या सीटवर, डिकीत किंवा बंद मोटारीत तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त चढतं. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, तिची क्षमता कायमची कमी होते, आणि ते लगेच कळतही नाही. वर्षभरानं चार्जिंग टिकेना झालं की आपण कंपनीला शिव्या घालतो. काळी सॅक उन्हात जास्त तापते. फिकट राखाडी किंवा खाकी घ्या. धूळही कमी दिसते.

त्याहून मोठा धोका आहे तो झाकण बंद करून चालू लॅपटॉप सॅकमध्ये कोंबण्याचा. झाकण लावलं म्हणजे तो बंद झाला असं नाही, तो झोपलेला असतो. अलीकडचे विंडोज लॅपटॉप झोपेतही मधूनच जागे होऊन नेटवर्क तपासतात, अपडेट घेतात. चहूबाजूंनी फोम, पंख्याला हवा नाही, बाहेर वैशाख. घरी येऊन हात लावला तर भाजेल इतका गरम. उपाय सोपा आहे: पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण लावल्यावर 'हायबरनेट' होईल (चालू काम साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होईल) असं ठेवा, किंवा शेवटच्या तासानंतर सरळ शटडाऊन करा. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ती फिरत असताना बसलेला धक्का डेटा घेऊन जातो. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिला तो त्रास नाही.

किती लिटरची सॅक घ्यायची?

लॅपटॉप, दोन वह्या, डबा, पाणी एवढंच असेल तर २० ते २५ लिटर. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ३० कडे जा, कारण जर्नल, वर्कशॉपचा अ‍ॅप्रन, मिनी ड्राफ्टर असा सगळा संसार एकाच दिवशी न्यावा लागतो. ड्रॉइंग शीट मात्र सॅकमध्ये दुमडून घालू नका, तिची नळी वेगळी घ्या. वैद्यकीयच्या मुलांना उलट जागा कमी लागते, पण अ‍ॅप्रन चुरगळू नये म्हणून एक सपाट कप्पा हवा.

मोठी सॅक घेतली की ती भरतेच. ३५-४० लिटरच्या ट्रेकिंग सॅक घेऊन येणारी मुलं दिसतात. त्यांच्या सॅकमध्ये मागच्या सेमिस्टरची पुस्तकं असतात.

डबा आणि लॅपटॉप एकाच सॅकमध्ये चालतील का?

चालतील, पण एका कप्प्यात नाही. शेंगाचटणी हा आपल्या डब्याचा जीव आहे, आणि तिचं तेल हा सॅकचा शत्रू. तेल पाण्यासारखं वाळत नाही. ते अस्तरात शिरतं, फोममध्ये उतरतं, आणि पुढची दोन वर्षं तुमच्या वह्यांना वास येतो. चटणी वेगळ्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत घ्या, डबी पिशवीत, पिशवी डब्याच्या कप्प्यात. कडक भाकरीचं बरं असतं, ती कापडात गुंडाळून पुढच्या कप्प्यात ठेवली तरी दिवसभर तशीच राहते. आमटी, ताक, सांबार हे ज्यांना न्यायचंय त्यांनी डब्याची पिशवी हातात वेगळी धरावी. इथे तडजोड नाही.

पाण्याची बाटली कायम बाहेरच्या बाजूच्या खिशात. तो खिसा जाळीचा नव्हे, कापडाचा आणि खोल बघा; जाळी पहिल्या उन्हाळ्यात फाटते. एक लिटरची स्टीलची बाटली त्यात उभी करून सॅक वाकवून बघा, बाटली पडते का ते.

सॅकचं वजन किती असावं? माझी पाठ दुखते.

एकदा हिशेब मांडू. लॅपटॉप १.७ किलो, चार्जर ४०० ग्रॅम, भरलेली स्टीलची बाटली १.३ किलो, डबा ७०० ग्रॅम, वह्या-जर्नल १.२ किलो, रिकामी सॅक ९०० ग्रॅम. एकूण ६.२ किलो. गेमिंग लॅपटॉप असेल तर तो आणि त्याचा वीटेएवढा चार्जर मिळून यात सहज किलोभर वाढवतात. शाळेच्या मुलांसाठी केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात वजनाची मर्यादा शरीराच्या १० टक्के सांगितली आहे. कॉलेजला असा नियम नाही, पण पाठ तीच आहे. ५० किलोच्या मुलीनं वरची सॅक उचलली तर ती १२ टक्क्यांच्या वर जाते.

कमी काय करता येईल? डिपार्टमेंटमध्ये पाणी मिळत असेल तर अर्ध्या लिटरची बाटली. लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल तर छोटा चार्जर. आणि ज्या दिवशी लॅबचं काम नाही त्या दिवशी लॅपटॉप घरी. रोज न्यायलाच हवा असं कुणी सांगितलंय?

उरलेलं पट्ट्यांवर. पट्टे चार बोटं रुंद असावेत, सॅक कमरेच्या वर बसली पाहिजे. पट्टे सैल सोडून सॅक खाली लोंबवणं ही फॅशन असेल, पण पाठदुखीचं मूळ बहुतेक तिथेच आहे. उंची कमी असेल तर सॅकची उंची ४५ सेंटीमीटरच्या आत बघा. छातीवरून जाणारा आडवा पट्टा असेल तर खांदे अरुंद असणाऱ्यांना सॅक घसरत नाही. 'लेडीज लॅपटॉप बॅग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिशव्या एका खांद्याच्या असतात, त्यांना रंगावर भुलून घेऊ नका.

दुचाकीवर सॅक कशी न्यायची?

पाठीवर, दोन्ही पट्टे घालून. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून रबर लावा, ती मागच्या चाकाकडे जातात. स्कूटीच्या पायापाशी सॅक ठेवण्याची सवय असेल तर लॅपटॉप असलेल्या दिवशी ती मोडा: खड्ड्यांचा प्रत्येक हादरा थेट तळातून वर येतो. हुकला अडकवली तर हँडल वळताना सॅक गुडघ्याला लागते.

पिलियन बसलेला असेल तर सॅक त्याच्या पाठीवर द्यावी, दोघांच्या मध्ये दाबू नये. दाबली की झाकणावर भार येतो आणि पडद्याला तडा जायला तेवढं पुरतं.

मी मोहोळहून रोज येतो. एसटी, रेल्वे, मग सीटवर रिक्षा. काही वेगळं लागेल का?

लागेल. आपलं विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं, त्यामुळे अकरा तालुक्यांतून अप-डाऊन करणारी मुलं खूप, आणि सगळ्यात जास्त हाल त्यांच्याच सॅकचे होतात. तुमच्यासाठी सॅक रुंद नको, पातळ आणि उभी हवी, म्हणजे गर्दीत पोटाशी धरता येते. वरचं हँडल मजबूत आणि फोम घातलेलं असावं, कारण दिवसातून कितीतरी वेळा तुम्ही ती त्या हँडलनंच ओढणार. एसटीच्या वरच्या रॅकवर ठेवायची वेळ आलीच तर पाठीची बाजू वर ठेवू नका. लॅपटॉप तिकडे असतो आणि नंतर कुणीतरी त्यावर पोतं ठेवतं. मांडीवर घेणं सर्वांत बरं.

मोबाइल आणि पास पाठीच्या बाजूच्या चोरकप्प्यात. बाहेरच्या खिशात फक्त असं ठेवा जे गेलं तरी चालेल.

लायब्ररीत सॅक बाहेर ठेवावी लागते. तेव्हा काय?

बहुतेक कॉलेजांत सॅक ग्रंथालयाच्या दारातल्या रॅकवर ठेवायची असते आणि 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी तुमची' अशी पाटी असते. तिथे लॅपटॉप सोडून जाणं म्हणजे नशीब आजमावणं. सॅकच्या आत हँडल असलेलं पातळ स्लीव्ह ठेवा, ते काढून लॅपटॉप आणि चार्जर घेऊन आत जा. परीक्षेच्या दिवशी तर वर्गाबाहेर सॅकांचा ढीग असतो. त्या दिवशी लॅपटॉप आणूच नका.

यूएसबी पोर्ट, नंबर लॉक, अँटी-थेफ्ट, यांचे जास्त पैसे द्यावेत का?

यूएसबी पोर्ट म्हणजे आत एक वायर, बस. पॉवर बँक तुमचीच लागते. पाऊस पडला की त्याच भोकातून पाणी आत. नंबर लॉक मला हास्यास्पद वाटतं: नायलॉनच्या चेनमध्ये बॉलपेनचं टोक खुपसलं की ती कुलूप न उघडता उघडते. पाठीच्या बाजूला उघडणारी लपलेली चेन मात्र खरोखर कामाची आहे, गर्दीत मागून कुणी हात घालू शकत नाही. पण तीत दर वेळी सॅक पूर्ण काढल्याशिवाय वही निघत नाही, हे आधी करून बघा.

किती पैसे घालावेत, आणि ऑनलाइन घ्यावी की नवी पेठेत?

लॅपटॉप चाळीस-पन्नास हजारांचा असेल तर बाराशे ते दोन हजारांत मजबूत सॅक मिळते. पाचशेची सॅक एक वर्ष जाते, साधारण. चार हजारांच्या वर तुम्ही नावाचे पैसे देता.

मी दुकानाच्या बाजूचा आहे, कारण वर सांगितलेली एकही तपासणी फोटोवरून होत नाही. ऑनलाइन स्वस्त असेलही, पण कप्प्यात हात घालता येत नाही. मधला मार्ग असा की दुकानात बघून मॉडेल पक्कं करा आणि मग दोन्हीकडचा भाव विचारा; दुकानदार थोडं कमी करतो. पक्कं बिल घ्या, त्यावर तारीख आणि मॉडेल लिहून घ्या. एक-दोन वर्षांची वॉरंटी असते ती सहसा शिलाई, चेन, बक्कल यांच्या मूळ दोषांची, फाटण्या-झिजण्याची नाही.

सोलापुरी चादरीच्या कापडाची सॅक मिळते. ती लॅपटॉपला चालेल?

दिसते सुंदर, वर्गात कुणाकडे तशी नसते. पण चादरीचं कापड सुती, पाणी पिणारं, आणि त्याला आतून लेप नसतो. आत जाड फोम आणि पाण्याला दाद न देणारं अस्तर घातलेलं असेल तर हिवाळ्यात, उन्हाळ्यात बिनधास्त वापरा. नुसतं सुती अस्तर असेल तर ती पुस्तकांना ठेवा.

सॅक धुवायची कशी?

मशिनमध्ये नाही. घुसळल्यानं आतला लेप सुटतो आणि फोमचे गोळे होतात. आधी उलटी करून झटका, केगावची धूळ आणि पेन्सिलचा कीस निघू दे. मग पाणी येण्याच्या दिवशी साध्या साबणाच्या कोमट पाण्यानं आणि मऊ ब्रशनं पुसा. पट्ट्यांवर घामाचे पांढरे डाग पडतात, तेवढा भाग दोनदा. सावलीत, उलटी टांगून वाळवा. गच्चीवर कडक उन्हात टाकली तर वाळते लवकर, पण धागा आणि लेप दोन्ही कमजोर होतात. आतून चिकट, पापुद्रे निघायला लागले असतील तर लेप संपला. आता ती सॅक पावसात नेऊ नका.

चेन सरकते, पण मागून दात उघडेच राहतात. नवी सॅक घ्यावी का?

थांबा. बहुतेक वेळा दात नव्हे, रनर सैल झालेला असतो. पक्कडीनं रनरच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबा, आधी एक, मग दुसरी. चेन पुन्हा धरते. हा तात्पुरता इलाज आहे, काही आठवडे-महिने जातो. नंतर नुसता रनर बदलून मिळतो, तेही फार कमी पैशांत. तो घेताना जुन्याचा आकडा दाखवा. दातच तुटले असतील तर पूर्ण चेन बदलावी लागते आणि बॅगा शिवणाऱ्याला अस्तर उसवावं लागतं, म्हणून तो एक-दोन दिवस मागतो. पट्टा उसवला असेल तर घरच्या शिलाई मशिनवर प्रयत्न करू नका, इतके थर त्या सुईला झेपत नाहीत. दुरुस्तीला देण्याआधी सगळे खिसे रिकामे करा. पेनड्राइव्ह आणि बसचा पास नेहमी चोरकप्प्यातच राहून जातात.